बूट सापडेपर्यंत

शारजाच्या बाहेर, सिमेंटच्या कारखान्यापलीकडे
आमच्या वस्तीचं नाव सज्जा.
पहिल्यांदा फोन केला तेव्हा आईला ऐकू आलं सजा.
“किती वर्षांची?” तिनं विचारलं.
मी म्हटलं, “दोन. मग रिन्यू होते.”

गुरुवारी रात्री एकोणीस नंबरच्या खोलीत
आठ बंकांवर चौदा जण,
मधे पालथी बादली, बादलीवर
विनायक तोडणकरचा लॅपटॉप, स्पेसचं बटण निघालेला.
सिनेमा कुठल्या भाषेतला, कोणी विचारत नाही.
तुरुंगातला हवा आणि हसवणारा हवा,
एवढीच अट.
प्रेमाचे सिनेमे आम्ही बंद केले.
ते संपले की कोणी कोणाशी बोलत नाही
आणि बाथरूमचा नळ फार वेळ चालू राहतो.

आजच्यात एक माणूस सुटतो.
सहीशिक्क्याचा कागद येतो, जेलर हात मिळवतो,
पण बूट सापडत नाहीत.
अनवाणी कोणाला सोडायचं नाही असा नियम,
म्हणून बूट मिळेपर्यंत परत कोठडीत.
कोठारातला कारकून रोज वहीत लिहितो: शोध चालू.
दुसऱ्या महिन्यात
डावा मिळतो.

इथे लियाकत हमदुले बंकावरून खाली घसरला.
तो हसतो तेव्हा आवाज येत नाही,
चेहरा रडल्यासारखा होतो आणि लोखंडी पलंग कुरकुरतो.
त्यानं खरा तुरुंग पाहिलाय, एक्केचाळीस दिवस,
दुसऱ्याच्या गाडीच्या चेकवर सही केली म्हणून.
त्यामुळे आमचा परीक्षक तोच.
“रोटी चुकलीय. एवढी पातळ नसते.”
“पहाटेची मोजणी दोनदा होते, कापली यांनी.”
“हे बरोबर. उशीचं टोक दातात धरतात, असंच.”
आणि पुन्हा पलंग कुरकुरतो.

एकदा विचारलं होतं मी,
तू तर आत राहून आलास, तुला कसं हसू येतं?
तो मसूर निवडत होता.
म्हणाला, तिथे एकदाही हसलो नाही रे.
ते थकलंय. हप्त्याहप्त्यानं फेडतोय.

मला माझं वेगळं वाटतं.
पडद्यावर भिंत असते.
भिंतीवर तार, तारेवर एखादा पक्षी,
असं ठसठशीत काही समोर असलं की माणसाला हसता येतं.
इथे कुंपणसुद्धा नाही.
ट्रकांचा रस्ता आहे, वाळू आहे,
कोणीही उठून चालायला लागावं.
कुठे, ते त्यानं बघावं.

एवढ्यात दारात वर्गीस, कॅम्पबॉस.
आमचे चौदा पासपोर्ट त्याच्या कपाटात,
त्याचा स्वतःचा वरच्या खणात,
आणि त्या खणाची किल्ली हेड ऑफिसला.
“आवाज,” तो म्हणाला. कोणी कमी केला नाही.
पडद्यावर जेलर बायकोला पत्र लिहीत होता:
यंदाही रजा नाही. बारा नंबरचे बूट मिळेपर्यंत
मला जागा सोडता येत नाही.
मिठाच्या बरणीत मीठ भरून ठेव.
वर्गीस फस्सकन हसला,
उभ्यानंच, घशात चहा अडकावा तसा.
मग आपल्याकडे सगळे बघतायत हे कळून
किल्ल्यांचा जुडगा खिशात कोंबला.
तोडणकर सरकला. वर्गीसनं बूट दाराबाहेर काढले
आणि बसला.

शेवट पाहायचा राहिला. बॅटरी गेली.
उजवा मिळाला की नाही यावर
पहाटेपर्यंत भांडण. तोडणकरच्या मते जेलरनं आपला दिला.
हमदुले म्हणाला, कोणी देत नाही.

शुक्रवारी दाराबाहेर पंधरा जोड सेफ्टी शूज,
एकाच कंपनीचे, एकाच धुळीचे.
ज्याला जो बसेल तो त्यानं घातला.
वर्गीसचा डावा तेवढा सापडेना.
एका पायानं लंगडत तो बंकांखाली वाकून बघत होता,
“गाडी येईल, रजिस्टर उघडायचंय,” म्हणत होता.
“शोध चालू,” हमदुले वरून म्हणाला,
तोंडावर चादर घेऊन.
पायांशी चादरीत काहीतरी टोकदार वर आलेलं,
आणि पलंग कुरकुरत होता.